सेनिसाची ऊब

उआनचाको
२४ एप्रिल १९७६

लेओ,

पत्र नंतर वाच, आधी पिशवीचं तोंड सोड. आत सेनिसा आहे आणि ती गुदमरली तर मी तुला सोडणार नाही.

सोडलंस? आता वाच.

नासारियो सांगत होता की तुझा खोकला बस थांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू येतो. तो बसवाला आहे, तिखटमीठ लावून सांगणारच, पण अर्धं जरी खरं धरलं तरी पुष्कळ झालं. म्हणून माझी कुत्री पाठवते आहे. रात्री झोपताना तिला छातीवर घे. पांघरुणाच्या वर नाही, आत घे, उघड्या अंगाला लागून. आजोबांचा दमा कोणी उतरवला, आठवतंय ना? तीच जात, तेच रक्त. चुलीतल्या राखेसारखी दिसते आणि राखेसारखीच आतून ऊन असते, म्हणून सेनिसा. आपल्याकडे राखेला दुसरं काय म्हणतात!

तुमच्या वरच्या लोकांनी विरिंगो कधी पाहिलेला नसणार. त्यांना सांग, ही खरजेने केस गेलेली कुत्री नव्हे, ही जातच बिनकेसांची. डोक्यावर चार केस आहेत तेवढाच तिचा थाट. दात कमी आहेत, तेही जातीचंच. मासे उकडून, काटे काढून दे. मासे कुठले मिळायला तिथे! रताळं दे, नाहीतर बटाटा कुस्करून मटणाच्या रश्श्यात दे. तुझेही दात गेलेत असं ऐकते, एकाच ताटात जेवा.

माझे गुडघे आता छान आहेत, मला तिची गरज नाही. तेव्हा 'ताई, तुझं कसं होणार' हे लिहू नकोस.

बाबांना समुद्राने नेलं त्या वर्षी तू डोंगर चढलास तो चढलासच. खाण सुटली, तुझी माक्सिमा देवाघरी गेली, पोरबाळ नाही. आता तिथे कोणासाठी थांबलायस ते देव जाणे. पण तो विषय काढत नाही. काढला की तू पत्राला उत्तर देत नाहीस.

कासिल्दा


वायरापाम्पा
९ मे

ताई,

कुत्री मिळाली.

गल्लीतली माणसं बघायला आली होती. एकाने विचारलं, "डॉन लेओन्सियो, ही कोंबडी सोलून झाली, आता शिजवणार कधी?" दुसरा म्हणाला, "बिचारीला एक कोट तरी घ्या." मी दार लावून घेतलं. खाणीत जन्म घालवलेल्या माणसाने म्हातारपणी असली चेष्टा का सोसायची?

ती दिवसभर थरथरते. थरथरते आणि माझ्याकडे बघते, जणू ही थंडी मीच पाडली आहे. छातीवर वगैरे घेतलेली नाही. पुढच्या खेपेला नासारियोबरोबर परत पाठवतो.

माझा खोकला बरा आहे. डॉक्टरही बरा म्हणतात.

लेओन्सियो

ता. क. परत पाठवेपर्यंत मरू नये म्हणून माक्सिमाची तांबडी शाल तिला गुंडाळली आहे. शालीत शिरली आणि थरथर थांबली.


उआनचाको
१६ मे

लेओ,

परत पाठवलीस तर मी उतरवून घेणार नाही. नासारियोला तसं सांगून ठेवलंय. मग तो बिचारा तिला घेऊन वर-खाली, वर-खाली करत बसेल आणि पाप तुला लागेल.

अरे, विरिंगो काय आज पाहतोयस? आईने तुला जन्म दिला तेव्हा आधी विरिंगोच्या कुशीत ठेवला होता, कारण तू निळा पडला होतास. तेव्हा नाही लाजलास तो! ज्याच्या छातीवर विरिंगो एकदा झोपला, त्याचा खोकला जाईपर्यंत तो तिथला. गावाचा नियम आहे, माझा नाही.

कोरड्या थंडीने तिची कातडी तडकेल, तेवढी काळजी घे. मेंढीची चरबी चोळ, सढळ हाताने. पाठीवर, कानांना, बोटांच्या बेचक्यात. इथे आम्ही उन्हाळ्यात तिला सावलीत ठेवतो, पण त्याची तुला फिकीर नको, आता हिवाळा लागला, जूनमध्ये ऊन कुठलं! इथे तर आत्ताच धुकं उतरलंय. सकाळी दार उघडलं की समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या लव्हाळ्याच्या होड्या धुक्यात माणसांसारख्या दिसतात. काल मी त्यातल्या एकीला "काय हो, जेवलात का?" म्हणून विचारलं.

हसू नकोस. एकटं राहिलं की असं होतं. तुला माहीत असेलच.

कासिल्दा


वायरापाम्पा
१३ जून

ताई,

तुझं ऐकलं. शेजारीण खिडकीतून बघत नाही ना याची खात्री करून कुत्रीला छातीवर घेतली. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी गरम भाकरी ठेवली. मग तिचं काळीज ऐकू यायला लागलं, माझ्याहून भरभर चालणारं. थोड्या वेळाने माझा श्वास तिच्यामागे चालायला लागला, जसा लहान मुलगा मोठ्या माणसामागे चालतो. कधी झोप लागली कळलं नाही.

आणि ताई, स्वप्नात समुद्र आला. इतक्या वर्षांत आला नव्हता. मी येऊच देत नव्हतो म्हण. धुकं होतं, तू म्हणतेस तसंच. बाबा वाळूत बसून लव्हाळं वळत होते. आवाज कशालाच नव्हता, लाट फुटायची तीही मुकाट. बाबांनी मान वर केली आणि शेजारची जागा हाताने साफ केली, मी बसावं म्हणून. जाग आली तेव्हा ओठ खारट लागत होते. सेनिसा तोंड चाटत होती, एवढंच. पण मी तोंड पुसलं नाही.

आता रोज येतो समुद्र. कधी लांबून, कधी अगदी दारापर्यंत. एकदा तर खाणीच्या बोगद्यातून आला, दिव्यांची रांग विझवत, पण मला भीती वाटली नाही.

खोकला कमी आहे. खरंच कमी आहे. चरबी रोज चोळतो. दुपारी थोडा बाहेर जाऊन येतो, ती बरोबर असते. गल्लीतल्या लोकांना सवय झाली. कोंबडी म्हणणाराच आता तिला हाडाचा रस्सा आणून देतो आणि "सेन्योरीता जेवल्या का?" विचारतो.

लेओन्सियो


उआनचाको
४ जुलै

लेओ,

सान पेद्रोची जत्रा झाली. संत दरवर्षीसारखे मोठ्या लव्हाळ्याच्या होडीत बसून आले, बँड आला, फटाके झाले. मी गर्दी नको म्हणून ओट्यावरूनच पाहिलं. तुझ्या नावाने मेणबत्ती लावायला शेजारणीला सांगितलं होतं, तिने लावली म्हणते, आता संतालाच ठाऊक.

तुझ्या स्वप्नाचं वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. कारण सेनिसा गेल्यापासून मलाही एकच स्वप्न पडतं आहे. चढ आहे, दगडांचा, झाडाचं नाव नाही. ऊन इतकं पांढरं की डोळे मिटावेत, तरी अंगाला गारठा. पत्र्याची फुलं आहेत, वाऱ्यात एकमेकांवर वाजतात. आणि खालून कुठून तरी एक बाई म्हणते, "पायांवर काहीतरी टाका हो." मी शोधते, पण माझ्याजवळ पांघरूण नसतं. असली जागा मी जन्मात पाहिली नाही. मला वाटतं, कुत्री तुझ्याजवळ झोपते आणि तिची स्वप्नं पत्ता चुकून माझ्याकडे येतात.

असो. आता खरं बोल.

नासारियो काल मासे घ्यायला आला होता. त्याने सांगितलं की सेनिसाच्या पाठीची सालं निघताहेत. आणि असंही सांगितलं की खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला केव्हाच खाली जायला सांगितलंय, ही हवा तुझ्या छातीला पुरणार नाही म्हणून. "डॉक्टर बरा म्हणतात" काय रे? लाज नाही वाटत, मोठ्या बहिणीला शेंड्या लावायला?

दुपारी 'थोडा बाहेर' जातोस म्हणजे कुठे जातोस? मला ठाऊक आहे. चौकातल्या दुकानाबाहेर बाटली घेऊन बसत असशील आणि ती मुकी पोर तुझ्या पायाशी भाजत असेल. मी माझी ऊब तुला दिली ती दारूच्या अड्ड्यावर बसवायला दिली नव्हती. उत्तर दे आणि सगळं लिही.

कासिल्दा


वायरापाम्पा
११ जुलै

ताई,

सगळं लिहितो.

मी पीत नाही. माक्सिमा गेल्यापासून थेंब नाही. दुपारी जातो तो कबरस्तानात जातो.

तुला आठवत नसेल, तू तिला एकदाच भेटलीस, तेही अर्ध्या वाटेवर. तिचे पाय कायम गार असायचे. लोकरीचे मोजे घाल, चुलीजवळ बस, काही कर, पाय गारच. रात्री अंथरुणात शिरली की ते दोन्ही पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची. मी ओरडायचो, "माक्सिमा, पाय काढ तिकडे!" ती म्हणायची, "नवरा कशाला केलाय मग?" रोज हेच. एवढ्या वर्षांत तिने एकदाही पाय काढले नाहीत आणि मी ओरडायचं सोडलं नाही.

ती गेली तेव्हा मोजे घातले तिला, जाडे. पण जमीन इथली कशी आहे तू पाहिलेली नाहीस. फावडं मारलं की आतून थंडी वर येते. मला झोप लागायची नाही ताई. वाटायचं, आता ती पाय कुठे लावत असेल?

मग तुझी सेनिसा आली. ज्या दिवशी छातीवर घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मनात आलं की ही ऊब मी एकट्याने का घ्यायची? तिला उचलली आणि वर नेली. कबरीच्या पायथ्याशी ठेवली. ती गोल वळली, अंग जमिनीला चिकटवून झोपली, सांगावं लागलं नाही. मी शेजारी बसलो. पत्र्याची फुलं वाजत होती. होय, पत्र्याचीच असतात इथे, खरी टिकत नाहीत. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू जे पाहतेस ती जागा तीच आहे.

तेव्हापासून रोज नेतो. म्हणूनच मी खाली येत नाही. समुद्राला भितो म्हणून नाही, तसं तू मनात धरून बसली आहेस. मी गेलो तर तिचे पाय कोण शेकणार?

आणि आता माझ्या हातून काय झालं ते ऐक. तू लिहिलंस, जूनमध्ये ऊन कुठलं. इथे जूनमध्ये ऊनच ऊन असतं, हवा गार म्हणून कळत नाही एवढंच. मला ठाऊक होतं. पण माझी कातडी बुटाच्या चामड्यासारखी झाली आहे, तिच्या कातडीचा विचार आला नाही. सकाळी चरबी चोळायचो आणि दुपारी नेऊन उन्हात ठेवायचो. तळून काढलं मी तिला. चार दिवसांपासून पाठीवर फोड आहेत. अंग नेहमीसारखं ऊन नाही, पेटल्यासारखं आहे. खात नाही. छातीवर घ्यायला जातो तर कळवळते, म्हणून खोक्यात निजवली आहे, शालीवर. मी जमिनीवर तिच्याजवळ झोपतो. समुद्र आता येत नाही.

ताई, मला दोघींपैकी एक निवडायला लावू नकोस. आधी ती वाचेल कशी ते सांग.

लेओ


उआनचाको
१४ जुलै

लेओ,

नासारियो गाडी चालू ठेवून दारात उभा आहे, म्हणून घाईत लिहिते. बरोबर कोरफड पाठवली आहे, अंगणातली, जाड पानं निवडून. पान उभं चिरायचं, पिवळा चीक वाहून जाऊ द्यायचा, आतला गर तेवढा फोडांवर ठेवायचा. चोळायचा नाही. चरबी ताबडतोब बंद. आधी कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने ती धुऊन काढ, अगदी हलक्या हाताने. फोड फोडू नकोस. खोली अंधारी ठेव. रस्सा पातळ करून बोटाने ओठांना लाव, चाटेल. चाटली की जगली म्हण.

चूक माझी. मी माझ्या अंगणातलं धुकं बघून तुझ्या डोंगरावरचं हवामान सांगायला गेले. आणि अड्ड्याचं जे बोलले ते परत घेते. माझी जीभ तुला माहीत आहे.

आता माक्सिमाचं. नासारियो हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

बाबा सापडले नाहीत तेव्हा आपण काय पुरलं? त्यांचं वल्हं. तू होतास, तूच खड्डा खणलास. त्या जागेवर आपली म्हातारी कुत्री जाऊन झोपायची आणि आई म्हणायची, "झोपू द्या, त्यांना ओलं सोसत नाही." कधीच कोणी आईला विचारलं नाही की बाबा तिथे आहेत का. माणूस जिथे पुरलं तिथेच राहतं असं आपल्या गावात तरी कोणी मानत नाही. मानलं असतं तर आपल्या अर्ध्या गावाला बाप नसता.

आणि एक सांगू? तुझी सगळी पत्रं समोर घेऊन बसले होते. सेनिसा तुझ्याकडे आली तेव्हा थंडीने मरत होती. तिची थरथर कशाने थांबली? तुझ्याने नाही, तू तर तिला हात लावत नव्हतास. तूच लिहिलं आहेस, 'शालीत शिरली आणि थरथर थांबली.' वेड्या, तू माक्सिमाला ऊब द्यायला कुत्री डोंगरावर नेत होतास, आणि माक्सिमा घरात बसून कुत्रीला ऊब देत होती. जी बाई दुसऱ्याची कुत्री शेकते, तिचे पाय गार आहेत असं तुला कोणी सांगितलं?

दोघींपैकी एक निवडू नकोस. दोघींना घेऊन ये. एक खोक्यात, एक तिच्याखाली अंथरून.

कासिल्दा


वायरापाम्पा
२५ जुलै

ताई,

चाटली.

तिसऱ्या दिवशी बोटाने रस्सा लावला तेव्हा जीभ बाहेर आली, मग बोटच धरून ठेवलं. दात कमी आहेत म्हणून बरं. फोड सुकले आहेत, खाली नवी कातडी गुलाबी दिसते. गल्लीतली सगळी आलटून पालटून येऊन बसतात. काल एका बाईने तिच्यासाठी टोपी विणून आणली, कानांना भोकं ठेवून. सेनिसाने ती घातली आणि दिवसभर रागावून बसली.

तुझं पत्र मी कबरीवर नेऊन मोठ्याने वाचलं. सेनिसाला नेली नव्हती. ऊन पांढरं होतं, वारा होता. शालीचं वाचताना मला रडू आलं. मग मी विचारलं, "माक्सिमा, येतेस का?" काही झालं नाही. फुलं वाजली, पण ती नेहमीच वाजतात. मी शाल खांद्यावर टाकली आणि उतरलो. उतरताना दम लागला तेवढा चढतानाही कधी लागला नव्हता. डॉक्टर खोटं बोलत नव्हते.

रविवारच्या गाडीने येतो. नासारियो म्हणतो, पुढची जागा देतो पण कुत्रीचं अर्धं तिकीट लागेल. मी म्हटलं, "अर्धं का, केस नाहीत म्हणून?"

घाबरलो आहे ताई. दार उघडून ठेव.

लेओ


उआनचाको
२२ ऑगस्ट

माक्सिमा,

हे पत्र नासारियो तुझ्या पायथ्याच्या दगडाखाली ठेवील. त्याला वाचता येतं, तेव्हा सगळं लिहीत नाही.

आम्ही पोचलो. ताई दारात उभी होती, दोन्ही हातांत काठ्या. गुडघे छान आहेत म्हणायची! सेनिसा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती, ओट्यापर्यंत यायलाही भिंत धरायची. आणि मला एका शब्दाने लिहिलं नाही. मी बोललो तर म्हणते, "तुझा खोकला मोठा का माझे गुडघे मोठे? आत ये, सूप निवतंय." आता कुत्रीची वाटणी झाली आहे. रात्रीचा पहिला भाग ताईच्या गुडघ्यांजवळ, मग तीच उठते, अंधारात नखं वाजवत येते आणि माझ्या छातीवर चढते. अंगावर केस आले नाहीत, येणारही नव्हते, पण कातडी पुन्हा राखेच्या रंगाची झाली. तुझी शाल तिच्याखाली असते. धुवायची नाही असं ठरलं आहे.

इथे धुकं असतं. सगळं अर्धं दिसतं, अर्धं मनाने पुरं करायचं. मी बरेच दिवस ओट्यावर बसून नुसता समुद्र ऐकला. ताईने एकदाही 'चल' म्हटलं नाही. तिच्यासाठी हे फार झालं.

आज सकाळी गेलो. शाल खांद्यावर घेतली, सेनिसाला उचललं, वाळूत उतरलो. बाबांच्या वल्ह्याची जागा ओलांडली. चपला काढल्या, विजार वर केली. पाणी कुठे सुरू होतं ते धुक्यात दिसत नव्हतं. मी थांबलो. सेनिसाचं काळीज भरभर चाललं होतं, माझंही.

मग ते आलं. आवाज न करता आलं, आणि एकदम दोन्ही पोटऱ्यांना लागलं, बर्फासारखं. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की होड्यांजवळचे लोक धावत आले.

"माक्सिमा, पाय काढ तिकडे!"

लोक विचारत होते काय झालं, कोण माक्सिमा. पाणी मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा पोटऱ्यांना लागलं. तू पाय काढले नाहीस. मीही हललो नाही.

लेओ